दगडांची साक्ष : आल्फ्रेड वेगेनर यांचें अल्प चरित्र

जगाचा नकाशा आमच्या शाळेंतील प्रत्येक विद्यार्थ्यानें पाहिलेला आहे. त्या नकाशावर अटलांटिक महासागराच्या दोन्ही तीरांवरून बोट फिरवीत गेलें, तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. दक्षिण अमेरिकेंतील ब्राझील देशाचा जो कोपरा पूर्वेकडे पुढें आलेला आहे, तो आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील खळग्यांत बसविण्यासाठींच जणूं कापून काढिला असावा, असें वाटतें. ही जुळणी लहान मुलाच्याहि नजरेस येते. परंतु एखादी गोष्ट नजरेस येणें निराळें, आणि तिचा अर्थ शोधण्यासाठीं आयुष्य वेंचणें निराळें. ज्या पुरुषानें हें दुसरें काम केलें, ज्याचें म्हणणें त्याच्या हयातींत बहुतेक पंडितांनीं अमान्य केलें, आणि तें मुख्य अंशीं खरें होतें असें त्याच्या मृत्यूनंतर तीस-पस्तीस वर्षांनीं ज्याच्याविषयीं कबूल करावें लागलें, त्या आल्फ्रेड वेगेनर यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

वेगेनर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजीं जर्मनीची राजधानी बर्लिन येथें झाला. पांच भावंडांत ते सर्वांत धाकटे. त्यांचे वडील रिचर्ड वेगेनर हे ईश्वरविज्ञानाचे पंडित असून बर्लिनमधील एका जुन्या व नामांकित विद्यालयांत प्राचीन भाषा शिकवीत असत. एका अनाथाश्रमाची व्यवस्थाहि त्यांच्याकडे होती. बर्लिनच्या उत्तरेस सरोवरें व रानें यांनीं भरलेला एक प्रदेश आहे. तेथें या कुटुंबानें सुटीच्या दिवसांकरितां एक घर घेतलें होतें, आणि आल्फ्रेड व त्यांचे थोरले बंधु कुर्ट यांस मोकळ्या रानाची गोडी तेथेंच लागली.

शाळेंत आल्फ्रेड आपल्या वर्गांत पहिले आले. पुढें बर्लिन, हायडेलबर्ग व इन्सब्रुक येथील विद्यापीठांत त्यांनीं पदार्थविज्ञान, ज्योतिष व हवामानशास्त्र या विषयांचें अध्ययन केलें, आणि १९०५ सालीं मध्ययुगांतील ग्रहगणिताच्या कोष्टकांवर निबंध लिहून बर्लिन विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविली. पदवी ज्योतिषाची खरी, पण दुर्बिणीपाशीं एका जागीं बसून राहावयास लावणारें शास्त्र त्यांस मानवेना. ते लिंडेनबर्ग येथील वेधशाळेंत नोकरीस लागले, आणि पतंग व बलून यांच्या साहाय्यानें वातावरणाच्या वरच्या थरांचें निरीक्षण करूं लागले. एप्रिल १९०६ मध्यें आल्फ्रेड व कुर्ट हे दोघे बंधु एका बलूनमधून आकाशांत चढले, ते एकसारखे साडेबावन्न तास वरच राहिले. तोंपर्यंत इतका वेळ कोणींहि बलूनमध्यें काढिला नव्हता.

त्याच वर्षीं डेन्मार्कची एक मोहीम ग्रीनलंडच्या ईशान्य किनाऱ्याची पाहणी करण्यास निघाली. तींत हवामानशास्त्रज्ञ म्हणून वेगेनर यांची निवड झाली, आणि दोन हिवाळे त्यांनीं त्या ओसाड किनाऱ्यावर काढिले. मोहिमेचे नायक मिलिउस-एरिक्सेन व त्यांचे दोन सोबती दूरच्या सफरीवर गेले असतां १९०७ सालीं भुकेनें व थंडीनें मरण पावले. ग्रीनलंडचें बर्फ किती निर्दय आहे, हें वेगेनर यांनीं अशा रीतीनें ऐन तारुण्यांतच पाहिलें. तरीहि त्या देशाची ओढ त्यांस जन्मभर लागून राहिली. परत आल्यावर १९०९ पासून ते मारबुर्ग विद्यापीठांत व्याख्याते झाले, आणि १९११ सालीं वातावरणांतील उष्णतेच्या नियमांवर त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. वेगेनर हे हवेचे अभ्यासक होते; भूगर्भशास्त्र हा त्यांचा विषय नव्हता. पुढें त्यांच्या विरोधकांनीं हीच गोष्ट त्यांच्याविरुद्ध वारंवार पुढें केली.

१९१० च्या नाताळांत त्यांच्या एका सहकाऱ्यास एक मोठा नकाशासंग्रह भेट मिळाला. तो चाळीत असतां अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांचें साम्य वेगेनर यांच्या डोळ्यांत भरलें. नुसती किनाऱ्याचीच रेघ नव्हे, तर पाण्याखालीं जेथें खंडाचा काठ संपून समुद्राचा खोल तळ सुरू होतो, ती रेघहि जुळते असें त्यांस दिसलें. तथापि खंडें जागचीं हलतात ही कल्पना त्यांची त्यांनाच असंभवनीय वाटली, आणि त्यांनीं ती तूर्त बाजूस ठेविली. हें साम्य त्यांच्यापूर्वींहि कित्येकांस दिसलें होतें; अमेरिकेंतील फ्रँक टेलर यांनीं तर खंडें सरकतात असें प्रतिपादन करणारा लेख १९१० सालींच छापिला होता. पण केवळ आकार जुळतो एवढ्या पुराव्यावर मोठा सिद्धान्त उभा राहत नाहीं. आकार जुळणें हा योगायोगहि असूं शकेल.

१९११ च्या शरद ऋतूंत मारबुर्गच्या ग्रंथालयांत एक लेखसंग्रह त्यांच्या हातीं पडला. अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरील प्राचीन खडकांत एकाच जातीच्या प्राण्यांचे व वनस्पतींचे अश्मीभूत अवशेष कोठें कोठें सांपडतात, याची माहिती त्यांत एकत्र केलेली होती. ती वाचल्यावर मात्र त्यांचें मन पालटलें. किनारे जुळतात एवढ्यावरून जें मानण्यास ते तयार नव्हते, तें त्या किनाऱ्यांच्या पोटांत पुरलेले जीवहि जुळतात, हें पाहून त्यांस मानावेंसें वाटूं लागलें.

ही साक्ष कोणत्या प्रकारची असते, तें दोन उदाहरणांवरून आम्ही स्पष्ट करितों. मेसोसॉरस नांवाचा एक लहान सरपटणारा प्राणी सुमारें २८ कोटि वर्षांपूर्वीं होऊन गेला. त्याची लांबी फार तर मीटरभर. जबडा लांबट, दांत सुईसारखे बारीक, आणि शेपूट पोहण्याच्या कामीं येईल अशी. त्याचे सांगाडे दक्षिण अमेरिकेंत ब्राझील व त्याच्या शेजारच्या देशांत सांपडतात, आणि समुद्रापलीकडे आफ्रिकेच्या दक्षिण भागांत सांपडतात. जगांत इतर कोठेंहि ते मिळत नाहींत. हा प्राणी उथळ पाण्यांत राहणारा. हजारों किलोमीटरांचा महासागर पोहून जाणें त्याच्या शक्तीबाहेरचें होतें. आणि तो महासागर ओलांडूं शकत होता असें क्षणभर धरलें, तर तो नेमक्या याच दोन किनाऱ्यांवर कां थांबला, इतर किनाऱ्यांवर कां गेला नाहीं, या प्रश्नास उत्तर राहत नाहीं.

दुसरें उदाहरण एका वनस्पतीचें. ग्लॉसॉप्टेरिस या नांवाचा अर्थ जिभेच्या आकाराचा नेचा असा आहे; वस्तुतः ती नेचा नसून बी धरणारें झाड होतें. पान जिभेसारखें लांबट, मधोमध एक ठळक शीर, व तिच्या दोहों अंगांस जाळ्याप्रमाणें विणलेल्या बारीक शिरा. फ्रेंच शास्त्रज्ञ अडॉल्फ ब्रोंन्यार यांनीं १८२८ सालीं या वनस्पतीस हें नांव दिलें. भारत, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका व दक्षिण अमेरिका या एकमेकांपासून अत्यंत दूर असलेल्या भूमींवर, एकाच काळच्या खडकांत, बहुधा दगडी कोळशाच्या थरांजवळ, हीं पानें मिळतात. एका झाडाचें बी वाऱ्यावर उडून एखाद्या बेटावर रुजेल. पण झाडाझुडुपांचें सगळें रानच्या रान चार समुद्र ओलांडून चार खंडांवर सारखें रुजलें, हें मनास पटत नाहीं.

या पानाचा महाराष्ट्राशीं जवळचा संबंध आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं नागपुरास आले. त्यांनीं तेथें शाळा काढिली. नागपूरचें हिस्लॉप कॉलेज त्यांचेंच नांव धारण करितें. सवड मिळेल तेव्हां ते व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर हे नागपूर व कामठी यांच्या आसपासचे खडक फोडून पाहत. तेथील वाळूच्या दगडांत त्यांस ग्लॉसॉप्टेरिसचीं पानें मिळालीं. तीं इंग्लंडास गेलीं, आणि १८६१ सालीं चार्ल्स बनबरी यांनीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाटाकडून परततांना हिस्लॉप ओढ्याच्या पुरांत बुडून मरण पावले. आपण उचललेलीं पानें पुढें कोणत्या वादांत साक्ष देतील, याची त्यांस कल्पना असणें शक्य नव्हतें. वेगेनर यांचा जन्महि त्यानंतर सतरा वर्षांनीं झाला. असे शेंकडों हात निरनिराळ्या देशांत दगड गोळा करीत होते, म्हणूनच मारबुर्गच्या ग्रंथालयांत बसलेल्या एका तरुणास ते सर्व एका दृष्टिक्षेपांत पाहतां आले.

ही साक्ष त्या काळच्या पंडितांस ठाऊक नव्हती असें नव्हे. व्हिएन्ना येथील थोर भूगर्भशास्त्रज्ञ एडुआर्ड सूस यांनीं १८८५ सालीं या दक्षिणेकडील भूमींच्या प्राचीन समूहास गोंडवनलँड हें नांव दिलें. मध्य भारतांतील गोंड लोकांच्या मुलखावरून तेथील खडकांस गोंडवन म्हणत असत, त्यावरून हें नांव निघालें. परंतु सूस व त्यांचे अनुयायी यांच्या मतें खंडें आज आहेत तेथेंच पूर्वींहि होतीं. त्यांच्या मधोमध विस्तीर्ण भूमि पसरलेली होती, तिच्यावरून प्राणी इकडून तिकडे गेले, आणि कालांतरानें ती भूमि समुद्रांत बुडाली. या कल्पित भूमींस भूसेतु म्हणत.

वेगेनर यांचा आक्षेप पदार्थविज्ञानाचा होता. खंडें ज्या खडकांचीं बनलीं आहेत ते हलके, आणि समुद्राच्या तळाचे व त्याखालचे खडक जड. लांकडाची फळी पाण्यावर तरंगावी, तशीं खंडें त्या जड थरावर आधारलेलीं आहेत. जी फळी तरंगते, ती आपल्या आपण तळाशीं जाऊन बसत नाहीं. तेव्हां हजारों किलोमीटर रुंदीचे भूसेतु बुडाले असें म्हणतां येत नाहीं. प्राणी तर दोन्हीकडे एकच. मग एकच मार्ग उरतो. दोन घरांमधला पूल वाहून गेला नाहीं. तीं दोन घरेंच पूर्वीं एका वाड्याचे भाग होतीं, आणि पुढें वांटणी होऊन दूर गेलीं.

हें मत त्यांनीं ६ जानेवारी १९१२ रोजीं फ्रँकफर्ट येथें भूगर्भशास्त्रज्ञांच्या सभेपुढें प्रथम मांडिलें. त्या वेळीं त्यांचें वय अवघें एकतीस वर्षांचें होतें. त्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास घडलेली एक गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन स्कॉट व त्यांचे चार सोबती त्या जानेवारींत दक्षिण ध्रुवावर पोहोंचले. परततांना फेब्रुवारींत, अन्न संपत आलें असतां व शरीरें थकलीं असतां, त्यांनीं बिअर्डमोर हिमनदीच्या कांठीं सुमारें ३५ पौंड दगड गोळा केले. पांचहि जण वाटेंतच मरण पावले. नोव्हेंबर १९१२ मध्यें शोध करणाऱ्यांस स्कॉट यांचा तंबू सांपडला, तेव्हां ते दगड तेथेंच होते. शेवटपर्यंत त्यांनीं ते टाकून दिले नव्हते. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ सीवर्ड यांनीं ते तपासले, आणि १९१४ सालीं त्यांतील पानें ग्लॉसॉप्टेरिसचीं आहेत असें जाहीर केलें. जेथें आज झाडाचें नांव नाहीं, त्या अंटार्क्टिका खंडावर नागपूरकडील पानें मिळालीं.

सभेंत मांडलेल्या मतावर वाद घालीत बसण्यास वेगेनर मागें राहिले नाहींत. १९१२ सालींच ते डॅनिश संशोधक कोख यांजबरोबर पुन्हां ग्रीनलंडास गेले. चौघांनीं मिळून एक हिवाळा बर्फाच्या पठारावरच काढिला, आणि १९१३ सालीं आइसलंडचीं तट्टें घेऊन तें पठार पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडिलें. ही वाट हजार किलोमीटरांहून अधिक होती. शेवटीं अन्न संपलें, तट्टें गेलीं, आणि उपासानें ते अगदीं टेंकीस आले. तों किनाऱ्यावर एका लहानशा वस्तीकडे आपल्या मंडळीस भेटावयास निघालेल्या उपर्नाविक येथील पाळकाची होडी त्यांच्या दृष्टीस पडली. त्या होडीनें त्यांचे प्राण वांचले. त्याच वर्षीं वेगेनर यांचा विवाह प्रसिद्ध हवामानशास्त्रज्ञ व्लादिमिर कोपेन यांची कन्या एल्झे हिच्याशीं झाला. त्यांस पुढें तीन मुली झाल्या.

१९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें, आणि वेगेनर यांस पायदळांत जावें लागलें. थोड्याच महिन्यांत ते दोनदां जखमी झाले. एकदां हातास व एकदां मानेस गोळी लागली. दुखणें बरें होण्यासाठीं जी रजा मिळाली, तिचा त्यांनीं खंडांच्या विषयाकडे उपयोग केला, आणि १९१५ सालीं खंडांची व महासागरांची उत्पत्ति या विषयावरील त्यांचा लहानसा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढें १९२०, १९२२ व १९२९ सालीं त्याच्या वाढविलेल्या आवृत्त्या निघाल्या. पूर्वीं सर्व भूमि एकत्र होती, तिला त्यांनीं पॅन्जिआ, म्हणजे सर्वभूमि, असें नांव दिलें. ती फुटून तिचे तुकडे दूर सरकले, असें त्यांचें प्रतिपादन होतें.

या ग्रंथांत त्यांनीं अश्मीभूत जीवांच्या जोडीस इतरहि साक्षी आणिल्या. एका खंडावर तुटलेली पर्वतांची रांग दुसऱ्या खंडावर पुढें चालू होते. उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेन बेटावर उष्ण हवेंतील झाडांचे अवशेष मिळतात. उलट, भारतासारख्या उष्ण देशांत प्राचीन हिमनद्यांच्या खुणा आहेत. ओरिसांतील तालचेर येथें १८५६ सालीं अशा खुणा प्रथम ओळखिल्या गेल्या. महाराष्ट्रांत चंद्रपूर जिल्ह्यांतील इरई येथें हिमनदीखालच्या दगडांनीं घासून चरे पाडलेला चुनखडकाचा पृष्ठभाग आहे. चंद्रपूरचा उन्हाळा ज्यांनीं अनुभविला आहे, त्यांस हें ऐकून नवल वाटेल. अशाच खुणा दक्षिण आफ्रिका, ब्राझील व ऑस्ट्रेलिया येथेंहि आहेत. हे देश आज आहेत तेथेंच धरले, तर अर्ध्या पृथ्वीवर विषुववृत्तापर्यंत बर्फ पसरलें होतें असें म्हणावें लागेल. ते एकत्र आणून दक्षिण ध्रुवाभोंवतीं ठेविले, तर सर्व खुणा एका हिमप्रदेशांत बसतात. फाटलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे कडांनीं जुळविले, आणि छापलेल्या ओळीहि सरळ जुळल्या, तर ते तुकडे एकाच पानाचे होत, याविषयीं शंका राहत नाहीं. वेगेनर यांचा युक्तिवाद याच प्रकारचा होता.

तरीहि पंडितांनीं तो स्वीकारिला नाहीं. १९२६ सालीं न्यूयॉर्क येथें या विषयावर जी सभा भरली, तींत विरोधाचाच सूर मोठा होता. कित्येकांनीं वेगेनर यांस आपल्या शास्त्रांत घुसलेला परका मानिलें, व सोयीचा तेवढाच पुरावा ते निवडतात असा ठपका ठेविला. पण विरोधाचें सर्वच कारण अहंकार हें होतें, असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. खंडांस ढकलणारी शक्ति कोणती, या प्रश्नास वेगेनर यांजपाशीं समाधानकारक उत्तर नव्हतें. पृथ्वीच्या फिरण्यापासून उत्पन्न होणारें बल व चंद्रसूर्यांचें आकर्षण यांचीं नांवें त्यांनीं सुचविलीं. परंतु हीं बलें या कामास लाखों पटींनीं अपुरीं आहेत, असें केंब्रिजचे हॅरल्ड जेफ्रीज यांनीं गणितानें दाखविलें, आणि तें गणित बरोबर होतें. ग्रीनलंड दर वर्षीं कित्येक मीटर सरकतें, असें वेगेनर यांनीं जुन्या मोजमापांवरून मानिलें, तेंहि चुकीचें ठरलें. खरा वेग वर्षास कांहीं सेंटिमीटर एवढाच आहे. कारणाचा शोध अद्याप लागावयाचा आहे, हें त्यांनीं आपल्या ग्रंथाच्या शेवटच्या आवृत्तींत मोकळ्या मनानें मान्य केलें. परंतु कारण ठाऊक नाहीं, एवढ्यावरून घटना घडलीच नाहीं असें ठरत नाहीं. न्यायासनापुढें अनेक साक्षीदार, एकमेकांस न भेटतां, एकच हकीकत सांगत असतील, तर ती हकीकत नीट तपासून पाहावी लागते. येथें साक्षीदार मुके होते, आणि त्यांची बाजू मांडणारा वकील परका होता.

या वादामुळें त्यांच्या उपजीविकेसहि अडथळा झाला. महायुद्धानंतर ते हँबर्ग येथील सागरी वेधशाळेंत काम करीत होते. पूर्ण प्राध्यापकाची जागा त्यांस जर्मनींत मिळाली नाहीं. ती १९२४ सालीं ऑस्ट्रियांतील ग्राट्स विद्यापीठानें दिली. त्याच वर्षीं सासरे कोपेन यांजबरोबर प्राचीन काळच्या हवामानावर त्यांनीं लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या सासऱ्यांनीं आरंभीं या वादांत न पडण्याची सल्ला दिली होती, तेच आतां त्यांचे भागीदार झाले होते.

१९३० सालीं एका मोठ्या जर्मन मोहिमेचे नायक म्हणून वेगेनर ग्रीनलंडास गेले. पठाराच्या मधोमध, पश्चिम किनाऱ्यापासून सुमारें ४०० किलोमीटरांवर, एक ठाणें उभारून तेथें वर्षभर हवामानाची नोंद करावयाची, आणि स्फोटाच्या प्रतिध्वनीवरून बर्फाची जाडी मोजावयाची, असा बेत होता. आरंभापासूनच संकटें आलीं. समुद्रांतील बर्फामुळें सामान उतरविण्यास पांच आठवड्यांहून अधिक उशीर झाला. पंखा लावलेल्या यांत्रिक घसरगाड्या ऐन वेळीं चालेनात. मधल्या ठाण्यावर गेओर्गी व सोर्गे हे दोघे शास्त्रज्ञ पुरेशा सामानावांचून राहिले. तेव्हां सप्टेंबरच्या उत्तरार्धांत वेगेनर स्वतः, हवामानशास्त्रज्ञ ल्योव्हे व तेरा ग्रीनलंडवासी यांसह, कुत्र्यांच्या गाड्या घेऊन निघाले. हवा इतकी भयंकर झाली कीं, एकामागून एक बहुतेक ग्रीनलंडवासी परत फिरले. रास्मुस विलुम्सेन नांवाचा एक तरुण तेवढा पुढें चालत राहिला. गाड्यांवरील बहुतेक सामान वाटेंतच टाकावें लागलें. उणे पन्नास अंशांच्या थंडींत हे तिघे कसेबसे ठाण्यावर पोहोंचले, तेव्हां ल्योव्हे यांच्या पायांचीं बोटें गोठून निकामी झालीं होतीं. तीं खिशांतील चाकूनें कापावीं लागलीं. ठाण्यावरील दोघांनीं बर्फांत गुहा खोदून तींत आसरा केला होता, आणि तेथें हिवाळा काढण्याचा निश्चय केला होता.

ठाण्यावरील अन्न पांच जणांस पुरण्यासारखें नव्हतें. म्हणून १ नोव्हेंबर १९३० रोजीं, ज्या दिवशीं त्यांस पन्नास वर्षें पुरीं झालीं त्याच दिवशीं, वेगेनर विलुम्सेन यास घेऊन किनाऱ्याकडे परत निघाले. किनाऱ्यावर ते आलेच नाहींत. मागें राहिलेले तिघेहि वांचले. १२ मे १९३१ रोजीं वाटेच्या निम्म्यावर, बर्फांत उभ्या रोवलेल्या स्कींच्या खुणेवरून, वेगेनर यांचें शव सांपडलें. विलुम्सेननें तें काळजीपूर्वक गुंडाळून पुरलें होतें. श्रमानें हृदय बंद पडून मृत्यु आला असावा, असें अनुमान झालें. विलुम्सेन पुढें निघाला, पण त्याचा शोध कधींच लागला नाहीं. मोहिमेचें उरलेलें काम कुर्ट यांनीं पुरें केलें. वेगेनर यांचें शव तेथेंच ठेवून त्यावर एक उंच लोखंडी क्रूस उभारण्यांत आला. पुढें साचत गेलेल्या बर्फाखालीं तोहि गडप झाला.

त्यांचें मत मात्र गडप झालें नाहीं. दक्षिण आफ्रिकेचे भूगर्भशास्त्रज्ञ अलेक्झांडर द्यू त्वा यांनीं १९२३ सालीं दक्षिण अमेरिकेंत जाऊन दोन्ही तीरांचे थर प्रत्यक्ष ताडून पाहिले, आणि १९३७ सालीं लिहिलेला आपला ग्रंथ वेगेनर यांच्या स्मृतीस अर्पण केला. भारतांत बिरबल साहनी यांनीं १९३६ सालीं अश्मीभूत वनस्पतींच्या पुराव्यावरून या मतास पाठिंबा दिला. आर्थर होम्स यांनीं पृथ्वीच्या पोटांतील उष्णतेमुळें खालचे खडक अत्यंत मंदपणें फिरत असावेत, व त्यांजबरोबर खंडें वाहत असावींत, असें सुचविलें. पुढें १९५० नंतर समुद्रतळाचे नकाशे होऊं लागले, आणि अटलांटिकच्या मधोमध उत्तर-दक्षिण पसरलेली डोंगरांची रांग व तिच्या माथ्यावरील भेग स्पष्ट दिसूं लागली. या भेगेंतून नवा तळ निर्माण होऊन दोन्ही बाजूंस सरकतो, असें हॅरी हेस यांनीं १९६२ सालीं प्रतिपादिलें. तळाच्या खडकांतील चुंबकत्वाच्या पट्ट्यांचा अर्थ लावून व्हाइन व मॅथ्यूज यांनीं १९६३ सालीं त्यास पुरावा दिला. खंडें समुद्रतळास नांगराप्रमाणें फाडीत जात नाहींत. कवचाच्या प्रचंड तुकड्यांवर बसून तीं तळासकट वाहतात. एवढी दुरुस्ती करून वेगेनर यांचें मुख्य म्हणणें मान्य झालें. १९६९ सालीं अंटार्क्टिकांत लिस्ट्रोसॉरस या भूचर प्राण्याचीं हाडें मिळालीं. हा प्राणी आफ्रिकेंत व बंगालकडील राणीगंजच्या खडकांत पूर्वींच सांपडला होता. तो पोहून गेला असें म्हणण्यास कोणी पुढें आलें नाहीं.

आपला देशहि या प्रवासांतला एक प्रवासी आहे. दक्षिणेकडील भूमींपासून सुटलेला भारत उत्तरेकडे येऊन सुमारें पांच कोटि वर्षांपूर्वीं आशियास भिडला, आणि त्या दाबानें हिमालय उचलला गेला. तो अजूनहि दर वर्षीं सुमारें पांच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकत आहे, हें कृत्रिम उपग्रहांच्या साहाय्यानें मोजतां येतें. जर्मनींत ब्रेमरहाफेन येथें १९८० सालीं ध्रुवप्रदेश व समुद्र यांच्या संशोधनासाठीं स्थापन झालेली संस्था आल्फ्रेड वेगेनर यांचें नांव चालवीत आहे.

विद्यार्थिमित्रांनों, हें चरित्र वाचून वेगेनर यांजकडे केवळ एक शूर प्रवासी म्हणून पाहूं नये, अशी आमची इच्छा आहे. त्यांचें खरें धैर्य बर्फावरच दिसलें असें नाहीं. आपल्या विषयाबाहेरचा पुरावाहि प्रामाणिकपणें वाचणें, तो जिकडे नेईल तिकडे जाणें, आणि ज्या प्रश्नाचें उत्तर आपणांपाशीं नाहीं तें नाहीं असें सांगून पुन्हां कामास लागणें, हें धैर्य अधिक दुर्मिळ आहे. तसेंच, ज्यांनीं त्यांस विरोध केला त्यांच्यापासूनहि शिकण्यासारखें आहे. गणितांत ते चुकले नाहींत, पण साक्षीदारांस पुरतें ऐकून घेण्यांत चुकले. तुमच्यापैकीं जे नागपूर-चंद्रपूर भागांतून येथें शिकावयास आले आहेत, त्यांनीं सुटींत घरीं गेल्यावर एखाद्या खाणीजवळचा वा ओढ्याकांठचा फुटका दगड हातीं घेऊन पाहावा. त्यावर जिभेच्या आकाराचें पान दिसलें, तर तो कोणत्या जागीं मिळाला तें लिहून ठेवावें, आणि शाळेंत आणून दाखवावें. तसलेंच पान ध्रुवावरून परतणाऱ्या पांच जणांनीं मरणाच्या दारांतहि टाकून दिलें नव्हतें.